मुंबईच्या उकाड्यात ईथर हाताळताना: बाटली दारात येते तिथपासून ती रिकामी होईपर्यंत

एप्रिलची दुपार, अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. एसी सकाळपासून बंद. मी डायएथिल ईथरच्या तपकिरी बाटलीचं झाकण जेमतेम पाव फेरा फिरवलं आणि सोड्याची बाटली फोडावी तसा 'फिस्स' आवाज आला. मागोमाग तो गोडसर, डोकं जड करणारा वास. भिंतीवरचा तापमापक 36 दाखवत होता. ईथर उकळतं 34.6 अंश सेल्सिअसला. म्हणजे निव्वळ झाकण घट्ट होतं म्हणून आतला माल द्रव राहिला होता.

सेफ्टी डेटा शीट (रसायनासोबत येणारं सुरक्षेचं माहितीपत्रक) वाचताना ही गोष्ट डोक्यात शिरत नाही, कारण तिथले बहुतेक आकडे 20 किंवा 25 अंशांचे असतात. मुंबईत मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात एसी नसलेली खोली दुपारी 34 च्या पुढे सहज जाते. थंड देशात 'सामान्य तापमानाला ठेवा' म्हणणं ठीक आहे. आपल्याकडे सामान्य तापमान म्हणजे ईथरची उकळी. खाद्यपदार्थांतली स्निग्धता काढण्याच्या कामात मी वीसेक वर्षं रोज ईथरच्या शेजारी उभा राहिलो. पुस्तकातले नियम या हवेत कुठे तोकडे पडतात, ते अनुभवाने कळलं. बाटलीच्या प्रवासाच्या क्रमाने ते सांगतो.

आधी आकडे, पण मोजकेच

ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानापासून सुटते ते, उणे 45 अंश. म्हणजे बर्फात ठेवलेलं ईथरही ठिणगी मिळाली की पेटतं. आपोआप पेट घेण्याचं तापमान 160 अंशांच्या आसपास, आणि हा आकडा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. ज्योत नको, ठिणगी नको, नुसता तापलेला हॉट प्लेट पुरतो. हवेत वाफेचं प्रमाण 1.9 टक्क्यांवर गेलं की मिश्रण पेटण्याजोगं होतं, ते थेट 36 टक्क्यांपर्यंत. वाफ हवेच्या अडीच पट जड, त्यामुळे ती वर जात नाही, टेबलावरून ओघळून जमिनीवर पसरते.

याचा अर्थ हिशेबाने बघा. अर्धा लिटर ईथर सांडून सगळं उडालं, तर साधारण 120 लिटर वाफ तयार होते. ती सहा घनमीटरपेक्षा जास्त हवा पेटती करू शकते. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीपासून दोन फूट उंचीचा थर. तुमचं नाक पाच फुटांवर, धोका गुडघ्याशी.

कामाच्या आठ तासांसाठी हवेत 400 पीपीएम (दहा लाख भागांत 400) ही मर्यादा धरतात, थोड्या वेळासाठी 500. याच वाफेने 1846 साली बॉस्टनमध्ये रुग्णाला सर्वांदेखत भूल दिली होती, हे विसरू नका. लॅबमध्ये दोघा-तिघांना एकदम जांभया यायला लागल्या, तर दुपारच्या जेवणाला दोष देण्याआधी कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारी काचेची नळी) बघा.

बाटली आणताना

प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या बाजारातून माल घ्यायचा आणि पोराला पिशवी देऊन लोकलने पाठवायचं, हे मी एकेकाळी सर्रास बघितलंय. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 नुसार धोकादायक माल असा नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी सहाच्या विरार फास्टमध्ये काचेच्या बाटलीचं काय होईल ते सांगायला नको. विक्रेत्याच्या गाडीतूनच माल मागवा, आणि तोही सकाळी. दुपारभर टेम्पोच्या तापलेल्या पत्र्याखाली फिरलेली बाटली ताब्यात घेतली, तर ती थंड होईपर्यंत उघडू नका.

बाटली हातात आली की दोन तारखा कायम शाईने लिहा: आल्याची आणि उघडल्याची. दुसरी तारीख लिहायचा लोक कंटाळा करतात. पुढचं सगळं गणित त्या तारखेवर चालतं.

मागणी लहान ठेवा. अडीच लिटरची बाटली दरात स्वस्त पडते, पण ती चार महिने अर्धी पडून राहणार असेल तर 500 मिलीच्या बाटल्या परवडल्या.

कुठे ठेवायची

ज्वलनशील द्रवांसाठीचं लोखंडी कपाट, तेही 25 अंशांखाली राहणाऱ्या खोलीत. इथे मुंबईची मेख आहे. शनिवारी संध्याकाळी लॅब बंद करताना एसी बंद होतो आणि सोमवारी सकाळपर्यंत खोली भट्टी होते. सॉल्व्हंटच्या खोलीचा एसी सुट्टीतही चालू राहिला पाहिजे, आणि त्या खोलीतला स्विच, दिवा, पंखा ज्वालारोधक प्रकारचा हवा. विजेच्या बिलावरून मालकाशी माझे यावर दोनदा वाद झाले. दोन्ही वेळा त्या खोलीत कमाल-किमान तापमापक ठेवून सोमवारचा आकडा दाखवला आणि विषय संपला.

घरगुती फ्रीज? अजिबात नाही. त्यातला थर्मोस्टॅट आणि दार उघडल्यावर लागणारा दिवा, दोन्ही ठिणगीची ठिकाणं. बंद फ्रीजमध्ये साठलेली वाफ आणि कॉम्प्रेसर चालू होण्याचा क्षण यांची गाठ पडली तर दार समोरच्या भिंतीवर जातं. स्फोटरोधक फ्रीज असेल तरच ठेवा. पण थंडीत ईथरात पेरॉक्साइड (स्फोटक संयुगं, त्याबद्दल पुढे) होत नाही हा गैरसमज सोडा, होतं.

ईथरशेजारी नायट्रिक अ‍ॅसिड, परक्लोरिक अ‍ॅसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवू नका. आणि तळमजल्यावर गाळा असेल तर कपाटाचा खालचा कप्पा रिकामा सोडा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा कुणाच्या कपाटात काय तरंगत होतं याच्या गोष्टी या भागात अजून निघतात.

आणखी एक. आमच्या लॅबमध्ये दाराशी गणपतीचा फोटो, रोज सकाळी उदबत्ती. दसऱ्याला यंत्रांची पूजा, कापूर, निरांजन. श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही, मीही हात जोडतो. पण काडी ओढायची जागा लॅबच्या बाहेर. अटेंडंट काकांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "साहेब, मग बाप्पालाच बाहेर घेऊ या, त्याला तरी कशाला वास." फोटो जिन्याजवळ गेला.

पेरॉक्साइड तपासणं

ईथरला हवा आणि उजेड मिळाला की ऑक्सिजन हळूहळू त्यात शिरतो आणि पेरॉक्साइड बनतात. ती उडत नाहीत. ईथर उडून जातं, ती मागे राहतात, दाट होत जातात, आणि तापवल्यावर किंवा घासल्यावर स्फोट पावतात. म्हणून कारखान्यातून येताना ईथरमध्ये थोडं बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) किंवा इथेनॉल घातलेलं असतं. लेबलवर 'स्टॅबिलाइज्ड' लिहिलंय का ते वाचा. नसेल तर ती बाटली दुप्पट संशयाने वागवा.

सगळ्यात सोपी तपासणी पट्टीची. पट्टी ईथरमध्ये सेकंदभर बुडवा, बाहेर काढून ईथर पूर्ण उडू द्या, मग पाण्याचा थेंब लावा किंवा तीन-चार वेळा तोंडाची वाफ द्या, आणि सांगितलेल्या वेळाने रंग डबीवरच्या पट्ट्याशी ताडून बघा. पाण्याची पायरी गाळली तर रंग येतच नाही आणि माणूस निर्धास्त होतो. नव्या मुलांकडून हीच चूक होते. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी ठेवू नका, दमट हवेने त्या वाया जातात.

पट्ट्या नसतील तर परीक्षानळीत 1 मिली ग्लेशियल असेटिक अ‍ॅसिड, त्यात 100 मिलीग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, वर 1 मिली ईथर. फिकट पिवळा रंग म्हणजे थोडं पेरॉक्साइड, गडद पिवळा ते तपकिरी म्हणजे जास्त. शेजारी ईथर न घातलेली नळी ठेवा, कारण आयोडाइडचं हे मिश्रण हवेने आपोआपही पिवळं पडतं. ते दर वेळी ताजं करा.

निकाल कसा वाचायचा: 25 पीपीएमच्या खाली असेल तर नेहमीचं काम चालू. 25 ते 100 मध्ये असेल तर तापवायचं, आटवायचं, ऊर्ध्वपातनाचं काम बंद. 100 च्या वर असेल तर वापर थांबवा आणि घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेला आकडा सांगून विल्हेवाट विचारा. उघडलेली बाटली दर तीन महिन्यांनी तपासा. सीलबंद बाटलीही वर्षापुढे ठेवू नका. मी स्वतः मार्च ते मे दर महिन्याला तपासायचो, आणि तापवायच्या कामाआधी तर दर वेळी.

आता ज्या बाटलीची तारीखच माहीत नाही ती. जुन्या कॉलेजांच्या स्टोअरमध्ये, कपाटाच्या मागच्या रांगेत अशी एखादी हमखास असते. आधी हात न लावता टॉर्चने बघा. झाकणाच्या आट्यांत किंवा तळाशी पांढरे स्फटिक, तेलकट थर, किंवा ईथर आटून तळाला चिकट राड उरलेली दिसली तर झाकण फिरवायचं नाही, बाटली हलवायची नाही, 'बघू जरा' म्हणून तपासायचीही नाही. आट्यांतल्या स्फटिकांना झाकण फिरवतानाचं घर्षण पुरतं. खोली रिकामी करा, दार लावा, 112 किंवा अग्निशमन दलाच्या 101 वर फोन करून 'स्फोटक पेरॉक्साइडची शक्यता' हे शब्द वापरा. बॉम्बशोधक पथक येईल. शरम वाटण्यासारखं त्यात काही नाही.

उघडणं आणि ओतणं

उन्हाळ्यात बाटली उघडण्याआधी अर्धा तास बर्फाच्या पाण्यात, सरळ उभी. मग पुसून फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर खेचून नेणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट), काच खाली ओढून, झाकण हळूहळू. फिस्स आवाज आला तर थांबा, दाब जाऊ द्या. हूडमध्ये त्या वेळी हॉट प्लेट नको, मोबाइल नको. एप्रनच्या खिशातल्या मोबाइलवर घरून फोन येतोच, आणि तो कायम ओतायच्या वेळी येतो.

एप्रन सुती. पॉलिस्टरची साडी, नायलॉनचा शर्ट यांवर स्थिर वीज जमते. पावसाळ्यात दमटपणामुळे ती फारशी जाणवत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत एसीच्या कोरड्या खोलीत दाराची मूठ चटका देते, तेव्हा सावध राहा. धातूच्या डब्यातून ओतत असाल तर डबा आणि दुसरं धातूचं भांडं तारेने जोडून अर्थिंग द्या. धार उंचावरून सोडू नका.

हातमोज्यांबद्दल सगळ्यांचा गोंधळ. निळे नायट्राइलचे मोजे ईथरपुढे काही मिनिटंच टिकतात, ते शिंतोड्यांपुरते. ओले झाले की लगेच बदला. सांडलेलं पुसायचं किंवा जास्त वेळ हाताळायचं असेल तर बहुपदरी लॅमिनेटचे मोजे वापरा. पीव्हीएचेही (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) चालतात, पण ते पाण्याने खराब होतात. डोळ्यांवर गॉगल, नुसता नंबरचा चष्मा नव्हे. पायात चप्पल नाही, पावसाळ्यातही नाही.

सोक्सलेटवरचं काम

सोक्सलेट म्हणजे ईथर पुन्हा पुन्हा उकळवून नमुन्यातली फॅट काढायचं काचेचं उपकरण. सगळा खेळ कंडेन्सरचा. कॉलेजमध्ये शिकवतात की नळाचं पाणी खालून वर सोडा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी मी एकदा मोजलं: 33 अंश. 34.6 ला उकळणाऱ्या द्रवाची वाफ 33 अंशांच्या पाण्याने कशी थंड व्हायची? ती कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून सरळ बाहेर जाते. वर पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं आणि टाकी संपते ती नेमकी दुपारी. म्हणून नळाचं पाणी विसरा. फिरत्या पाण्याचा चिलर, 5 ते 10 अंशांवर, तापवायला सुरुवात करण्याआधी वीस मिनिटं चालू. नळ्यांना क्लॅम्प. परतीची नळी हाताला गार लागते का बघा, मगच खालची उष्णता सुरू करा.

उष्णतेसाठी 45 ते 50 अंशांचं वॉटर बाथ. हीटिंग मँटल (फ्लास्कला वेढणारा विजेचा तापक) मला आवडत नाही. फ्लास्क कोरडा पडला तर मँटलचा पृष्ठभाग 160 केव्हाच ओलांडतो. फ्लास्कमध्ये पोर्सेलीनचे तुकडे टाका, आणि ते थंड ईथरमध्ये. तापलेल्या ईथरमध्ये टाकले तर ईथर उसळून वर येतं. कंडेन्सरचं वरचं तोंड कधीही बुचाने बंद करू नका. पावसाळ्यात मात्र एक वेगळी कटकट होते. गार कंडेन्सरवर दमट हवेतलं पाणी जमतं, बाहेरून ओघळतं आणि आतल्या अंगानेही ईथरमध्ये उतरतं. पाणी उतरलं की साखर-मीठ विरघळून येतं आणि फॅटचा आकडा खोटा वाढतो. त्यावर उपाय म्हणजे तोंडाला दमटपणा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडची, दोन्ही बाजूंनी हवा जाऊ देणारी नळी. बाहेरून ओघळणाऱ्या पाण्यासाठी सांध्याच्या वर कापडाची पट्टी गुंडाळा.

वीज गेली तर काय, हे आधीच ठरवा. आमच्याकडे एकदा दहा मिनिटं वीज गेली. परत आली तेव्हा वॉटर बाथ आपोआप चालू झालं, चिलर मात्र बटण दाबल्याशिवाय चालू होणारा नव्हता. सहा फ्लास्क उकळत होते आणि कंडेन्सर कोमट. वास पार लिफ्टपर्यंत. सुदैवाने कुणी काही पेटवलं नाही. त्यानंतर इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही एकाच काँटॅक्टरवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर) घेतले: वीज आली तरी माणसाने येऊन दाबल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. खर्च एका ईथरच्या बाटलीइतका. रात्रभर चालू ठेवून घरी जायचं तर मुळीच नाही.

काम झालं, फॅट फ्लास्कमध्ये उरली, आता सुकवायला 105 अंशांच्या ओव्हनमध्ये. इथे मी एकदा ओव्हनचं दार उडताना बघितलंय. शिकाऊ मुलीने घाईत तळाशी थोडं ईथर असलेले फ्लास्क आत ठेवले आणि दार लावलं. ती पाठ फिरवून तीन पावलं गेली होती म्हणून वाचली. बिजागरी तुटून दार लोंबत होतं. हिशेब करा: शंभर लिटरच्या ओव्हनला पेटतं मिश्रण व्हायला 10 मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे ईथर पुरतं. फ्लास्क आधी हूडमध्ये कोमट वॉटर बाथवर ठेवा, ईथर दिसेनासं झाल्यावरही आणखी पंधरा मिनिटं ठेवा, मग दार किलकिलं ठेवून ओव्हनमध्ये. आणि राख काढायची 550 अंशांची मफल भट्टी त्याच खोलीत असेल, तर ती आज दुसरीकडे हलवा.

वसूल केलेलं ईथर

सोक्सलेटमधून परत मिळालेलं ईथर पुन्हा वापरणं ही सगळ्या लॅबची काटकसर. मीही केली. पण ईथर उडून पुढे जातं तेव्हा बीएचटी मागे फॅटमध्येच राहतं. म्हणजे तुमच्या हातात आलेलं ईथर पारदर्शक, शुद्ध आणि संरक्षण काढून घेतलेलं. नव्या बाटलीपेक्षा त्यात पेरॉक्साइड लवकर बनतं. वापरायचंच असेल तर तपकिरी बाटलीत, वेगळं लेबल, त्याच आठवड्यात, आणि तापवण्याआधी दर वेळी पट्टी. कुठलंही ऊर्ध्वपातन कोरडं होईपर्यंत नेऊ नका. तळाशी दहा टक्के तरी सोडा. नव्या बाटलीत वसूल केलेलं ईथर ओतून 'मिसळून टाकणं' तर अजिबात नको.

पद्धतीत मुभा असेल तर 40 ते 60 अंशांत उकळणारं पेट्रोलियम ईथर वापरा. नावात ईथर असलं तरी ते हायड्रोकार्बन आहे, पेरॉक्साइडची भानगड नाही. आगीची भीती मात्र तितकीच.

सांडलं, पेटलं, श्वासात गेलं

सांडलं तर पहिलं काम म्हणजे स्विचला हात न लावणं. चालू ते चालू, बंद ते बंद. पंखा लावायचा मोह होतो, तोच घातक. माणसं बाहेर, शेजारच्या गाळ्याला सांगा, मेन स्विच खोलीबाहेर असेल तर तिथून वीज तोडा. हूडमधलं थोडंसं सांडलेलं वर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं खनिज) किंवा कोरड्या वाळूने टिपा. लाकडाचा भुसा नको. बेसिनमध्ये पाणी मारून वाहवू नका. इंडस्ट्रियल इस्टेटचे ड्रेन एकमेकांना जोडलेले असतात आणि वाफ खालच्या मजल्यावरच्या बेसिनमधून वर येते, जिथे कुणीतरी चहा करत असतो.

आग लहान असेल तर ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड. पाण्याची धार नको, ईथर पाण्यावर तरंगत पेटतं राहतं. एका सिलिंडरने विझली नाही तर दुसरा शोधत बसू नका, बाहेर पडा आणि 101.

माणूस गुंगला तर मोकळ्या हवेत न्या, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, 108. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेलं तर ओकारी काढू नका. ते फुप्फुसात उतरतं.

टाकाऊ

ईथरचा कचरा क्लोरिन असलेल्या सॉल्व्हंटपासून वेगळ्या कॅनमध्ये, कॅन वरपर्यंत न भरता, तारीख लिहून. पेरॉक्साइडची पट्टी त्यालाही लावा. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार तो साधारणपणे 90 दिवसांपलीकडे साठवता येत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यायचा. मुंबईतल्या बऱ्याच कंपन्यांचा असा माल तळोज्याच्या सामायिक केंद्रात जातो. सोबतची मॅनिफेस्टची (कचरा नेल्याच्या नोंदपत्राची) प्रत फाइलला लावा.

रिकाम्या बाटल्यांचं मात्र कुणी बघत नाही. बाटली रिकामी म्हणजे वाफेने भरलेली. याच नियमांत दूषित रिकामी भांडीही घातक कचऱ्यात धरली आहेत. आमच्या दारात दर शनिवारी भंगारवाला यायचा, तपकिरी काचेला बरा भाव द्यायचा. एकदा त्याने बिडी ओढत बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन विचारलं, "दवाई है क्या?" त्या दिवसापासून रिकाम्या बाटल्या हूडमध्ये रात्रभर उघड्या, मग तीनदा धुऊन, लेबल फाडून, कुलूपबंद पेटीत. भंगारवाल्याला आम्ही फक्त पुठ्ठे देतो.